पन्नासाव्या बाईंच्या शोधात

भिवंडीच्या नदीनाक्यावरून वाड्याच्या दिशेने निघाले की शहर संपते आणि शेलार लागते, असे नकाशा सांगतो. कानांना त्याचा पत्ता लागत नाही, कारण मागांची खटखट महापालिकेची हद्द मानत नाही. अशा गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळ्याची नोंद असते. पोषण आहाराचा तांदूळ किती शिजला हे ग्रॅममध्ये लिहिलेले असते. शौचालये किती, नळ किती आणि त्यांतले पाणी येणारे किती, हे शाळांची माहिती गोळा करणाऱ्या युडायसच्या फॉर्मात भरलेले असते. मुले हजेरीपत्रकात असतात आणि बाई मस्टरवर. नोंद नाही ती एकाच गोष्टीची. ज्या बाईंच्या ताब्यात सरकार रोज तीस-पस्तीस परकी मुले निर्धास्तपणे सोपवते, त्यांचे स्वतःचे दीड वर्षाचे मूल या वेळी कुठे आहे? ते कुठेतरी असतेच. दीड वर्षाचे मूल डोळ्यांदेखत नाहीसे होण्यात पटाईत असते हे खरे, पण सलग सात तास तेही टिकत नाही. माझे म्हणणे असे, की ते जिथे कुठे आहे ते शिक्षण खात्याचेच पाळणाघर आहे. त्याचे भाडे, मजुरी आणि मनस्ताप तेवढा खात्याने दुसऱ्यांच्या नावावर टाकला आहे. हा खर्च खात्याने आपल्या वहीत उतरवून घ्यावा, कारण तो चुकवण्याच्या नादात खाते आपल्या वर्गातल्या मुलांचे बरेच काही घालवत आहे.

आपल्याकडे पाळणाघराचा कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. कायदे पुष्कळ झाले आणि प्रत्येकाचा एकेक आवडता आकडा होता. १९४८ चा कारखाने कायदा तिसाहून अधिक स्त्रिया कामावर असल्या की पाळणाघर मागत असे. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्याला पन्नासाहून अधिक स्त्रिया लागत. २००५ च्या रोजगार हमी कायद्याचे मन मोठे होते. कामावर आलेल्या बायांची पाच लहान पोरे जमली, की एका बाईने खोदकाम सोडून ती सांभाळावीत आणि तिला इतरांएवढीच मजुरी मिळावी, असे त्यात लिहिले होते. मूल सांभाळण्याला निदान खड्डा खणण्याएवढी किंमत देणारे सरकारी कागद फार नसावेत. राहिला १९६१ चा प्रसूती लाभ कायदा. २०१७ च्या दुरुस्तीने त्यातली रजा १२ आठवड्यांची २६ झाली आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघर बंधनकारक झाले. आईने दिवसातून चार वेळा मुलाकडे जाऊन यावे, अशी मुभाही मिळाली. हा कायदा कोणाकोणाला लागू, हे लिहिताना कायदा करणाऱ्यांना कारखाने आठवले, खाणी आठवल्या, चहाचे मळे आठवले. घोड्यावरच्या आणि झुल्यावरच्या कसरती करून दाखवणाऱ्या मंडळीही यादीत नाव घेऊन बसल्या होत्या. शाळेचे नाव नव्हते. सर्कशीत मूल सांभाळून कसरत करणे अवघड असते हे दिल्लीला पटले, पण दुसरी आणि तिसरी एकाच खोलीत शिकवणे ही कसरतच आहे हे कोणी कळवलेले दिसत नाही. केरळने २०२० मध्ये वेगळी अधिसूचना काढून खासगी शाळा-महाविद्यालयांतल्या शिक्षिकांना या कायद्याखाली आणले. वेगळी काढावी लागली, यातच काय ते आले.

तरी आपण उदार होऊ आणि शाळा अशा कायद्यात बसते असे धरून चालू. आता पन्नास माणसे मोजायची. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात, नव्वदपर्यंत तीन, एकशे वीसपर्यंत चार. दोनशेच्या पुढे एका शिक्षकामागे चाळीसपर्यंत मुले चालतात. म्हणजे पन्नास शिक्षक हवे असतील तर एकाच प्राथमिक शाळेत दोन हजारांच्या आसपास मुले हवीत. शेलार, खोणी आणि आसपासच्या मागांवरची सगळी पोरे एका रांगेत उभी करून एकाच शाळेत दाखल केली, तर हा आकडा गाठता येईलही. मात्र तेवढी मुले आल्यावर पाळणाघरासाठी खोली उरणार नाही. दोन शिक्षकी शाळेतल्या बाईंनी कायद्याचा लाभ घ्यायचा तर आणखी अठ्ठेचाळीस सहकारी नेमले जाण्याची वाट पाहायची. शिक्षक भरतीचा वेग पाहता तोपर्यंत त्यांचे मूल स्वतःच पात्रता परीक्षेला बसलेले असेल.

इथे एक बारकी गोष्ट आहे आणि माझा सगळा मुद्दा तिच्यावरच उभा आहे. बाईंची नोकरी शाळेची नसते, जिल्हा परिषदेची असते. बदलीची वेळ आली की हे सर्वांना लख्ख आठवते. भिवंडीतून शहापूर, शहापुरातून मुरबाड, मुरबाडहून अंबरनाथ, सगळा जिल्हा एकच आणि मालकही एकच. सेवाज्येष्ठतेची यादी जिल्ह्याची, पगार जिल्हा परिषदेचा, निवडणुकीच्या कामाला माणसे हवी असली तर अख्खा तालुका एक पथक. पाळणाघराचा विषय निघाला की हा विशाल मालक अंग चोरून दोन खोल्यांच्या शाळेत शिरतो आणि म्हणतो, आमच्याकडे तर दोनच माणसे! भिवंडीला ही युक्ती नवी नाही. एका छताखालच्या मागांना चार नावांच्या चार पाट्या लावल्या, की कुठल्याही पाटीखाली कायद्याला पुरतील एवढे कामगार सापडत नाहीत, हे इथल्या पोरासोरांना ठाऊक असते. मागवाल्याला आपण त्याबद्दल नावे ठेवतो. त्याने निदान पाट्या रंगवण्याचा खर्च तरी केला. बदल्यांच्या धोरणात मात्र सरकार फारच हळवे आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीत असतील आणि त्यांच्या कामाच्या गावांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल, तर त्यांना जवळ आणण्यासाठी त्यात वेगळा संवर्ग आहे आणि त्याला ‘पती-पत्नी एकत्रीकरण’ असे भारदस्त नाव आहे. इतक्या कष्टाने एकत्रीकरण घडवून आणल्यावर पुढे काय होऊ शकते, याचा विचार त्या धोरणाला शिवलेला नाही. एकेकाळी ‘पाळणा लांबवा’ म्हणून भिंती रंगवणाऱ्या सरकारने पाळणाघर मात्र मनापासून लांबवले.

मग सध्याचे पाळणाघर कसे चालते? त्याच्या तीन शाखा आहेत. पहिली शाखा आजी. ठाणे जिल्ह्यातल्या शाळांत घाटावरून आणि मराठवाड्यातून आलेले शिक्षक पुष्कळ, त्यामुळे ही आजी बहुधा सातारा, बीड किंवा लातूरहून मागवलेली असते. गावाकडची जनावरे आणि आजोबा शेजाऱ्यांवर टाकून ती कल्याणच्या तिसऱ्या मजल्यावर नातू सांभाळते. दुसरी शाखा म्हणजे सोसायटीतल्या मावशी, ज्यांच्याकडे सहा पोरे, एक टीव्ही आणि वेळेबाबत पोलादी शिस्त असते. शाळेने तासभर जास्त थांबवले तर बाईंना खुलासा द्यावा लागतो तो गटशिक्षणाधिकाऱ्यांना नाही, मावशींना. तिसरी शाखा खुद्द वर्गात भरते. मावशी गावाला गेल्या आणि आजीचे गुडघे दुखले, की बाईंचे मूल पहिलीच्या शेवटच्या रांगेत पटावर नसलेला विद्यार्थी म्हणून बसते. ते खडू खाते, फळ्याखाली झोपते आणि केंद्रप्रमुखांची मोटारसायकल फाटकात दिसली की पटावरची मोठी मुले त्याला पोषण आहाराच्या खोलीत नेऊन लपवतात. एवढे संघटित सहकार्य शिक्षण परिषदेत क्वचित पाहायला मिळते. या तिन्ही शाखांचा खर्च कोण देते? पहिलीचा आजीच्या म्हातारपणातून, दुसरीचा बाईंच्या पगारातून, तिसरीचा वर्गातल्या मुलांच्या तासिकेतून. नोकरीची पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून काढावी लागतात, प्राथमिकला मानधन महिना १६ हजार रुपये, आणि लग्न, बाळंतपण, भाड्याची खोली हे सगळे बरोबर याच तीन वर्षांचा मुहूर्त साधून येते. तेव्हा खाते पाळणाघराला पैसे देत नाही असे नाही. ज्यांच्याकडे सर्वांत कमी आहेत त्यांच्याकडून ते घेऊन देते.

२०२४ च्या फेब्रुवारीत शासनाने निर्णय काढला, की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, कारण मुलांची झोप पुरी होत नाही. निर्णय उत्तम आहे आणि त्यामागचा कळवळा खरा आहे. पण नऊच्या शाळेला शेलारात पोहोचायचे तर कल्याणहून सातच्या आत बाहेर पडावे लागते, कारण भिवंडीचे खड्डे आणि मालमोटारी कोणत्याही शासन निर्णयाला बांधलेल्या नाहीत. म्हणून बाईंचे मूल सहाला उठवून, झोपेतच दुपट्यात गुंडाळून मावशींच्या दारात नेले जाते. तीस मुलांनी नीट झोपावे म्हणून एकतिसाव्याने पहाटे उठायचे, अशी ही विभागणी आहे. ‘बाईंनी शेलारातच राहावे, मुख्यालयी राहण्याचा नियम आहेच’ असे यावर सांगितले जाते. नियम आहे, आणि त्याच्या पूर्ततेसाठी ग्रामसभेच्या ठरावाचा कागदही मागितला जातो. त्या कागदावर राज्यातले किती शिक्षक गावात राहतात आणि संध्याकाळी पाचनंतर त्या गावांत किती दिसतात, हा गणिताच्या पेपरात घालण्याजोगा प्रश्न आहे. मूल ठेवायला चांगली जागा गावातच असेल तर गावात राहण्याचा मोह कदाचित खरोखरीच होईल. ज्याला मुख्यालयाचा नियम खरा व्हावासा वाटतो, त्याने पाळणाघराची मागणी सर्वांच्या आधी करायला हवी.

आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप रजेचा: बाळंतपणाची १८० दिवसांची भरपगारी रजा आहे, वर २०१८ पासून १८० दिवसांची बालसंगोपन रजाही आहे, आणखी किती लाड करायचे? या रजेचे स्वागतच आहे. पण ती अख्ख्या सेवेसाठी आहे आणि मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत पुरवायची आहे. भागाकार सोपा आहे, वर्षाला दहा दिवस आले. मुले दोन असतील तर प्रत्येकी पाच. वर्षातून पाच दिवस आजारी पडून भागवणारे मूल अजून जन्माला यायचे आहे. खरा मुद्दा त्याहून पुढचा. दोन शिक्षकी शाळेतली एक बाई रजेवर गेली की दुसऱ्या गुरुजींच्या वाट्याला पाची इयत्ता येतात. मग पहिलीने पाटीवर अक्षरे गिरवायची, दुसरीने पाढे लिहायचे, तिसरीने पहिलीकडे लक्ष ठेवायचे, चौथीने तिसरीकडे, आणि पाचवीने गुरुजी केंद्रशाळेत माहिती द्यायला गेले आहेत असे आल्यागेल्याला सांगायचे. रजा ही बाईंना दिलेली सवलत दिसते, पण ती वसूल होते वर्गातून. पाळणाघराचे उलट आहे, त्यातून वर्गाला बाई परत मिळतात. शिक्षण हक्क कायद्याला पहिली ते पाचवीसाठी वर्षाला दोनशे दिवस आणि आठशे तास अध्यापन हवे आहे. किती तास मावशींच्या फोनमुळे, मुलाच्या तापामुळे आणि पाच वाजायच्या काळजीमुळे कागदावर पूर्ण होऊनही वर्गात अपुरे राहतात, याचा रकाना युडायसमध्ये नाही. नळ मोजून झाल्यावर तोही घालायला हरकत नसावी.

दुसरा आक्षेप संस्कृतीचा आहे आणि तो नेहमी पुरुषाच्या आवाजात येतो: पूर्वीच्या बायका नव्हत्या का करत? करत होत्या. पण त्यांतली सर्वांत पहिली काय करत होती तेही पाहावे. सावित्रीबाईंनी १८४८ पासून पुण्यात शिकवले, आणि पुढे जोतीरावांनी व त्यांनी आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह चालवून इतरांनी टाकलेल्या बायांची बाळंतपणे केली, मुले सांभाळली. आपल्या पहिल्या शिक्षिकेच्या संसारात शाळा आणि पाळणा एकाच उंबऱ्याच्या आत होते. दोन्ही वेगळे करणारी परंपरा त्यांच्यानंतरच्या कुणा कारकुनाची असावी. आक्षेपकाला याहून जुना दाखला लागतो तेव्हा तो हिरकणीला बोलावतो. कथा सर्वांना ठाऊक आहे. कोजागिरीला गडावर दूध घालायला गेलेली गवळण, तोफ झाली, दरवाजे बंद, घरी तान्हे बाळ, आणि ती रायगडाचा कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सन्मान केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. आपण ही गोष्ट आईच्या मायेची म्हणून सांगतो, पण गडाच्या व्यवस्थापनाच्या बाजूने ती एकदा वाचावी. कामावरून सुटायला उशीर झाला, दार उघडले नाही, कर्मचाऱ्याने जीव धोक्यात घालून घर गाठले. त्यावर झालेली कार्यवाही दोन कलमी: सत्कार, आणि तो कडाही बंद. महाराजांना गडाची चिंता होती, शत्रू त्याच वाटेने वर आला असता. जिल्हा परिषदेच्या शाळेवर त्या बाजूने कोणी चालून येण्याचा संभव नाही. तरीही आपली पद्धत तीच राहिली आहे. ८ मार्चला सत्कार, ९ मार्चला खुलासा. एसटी स्थानकांवर आणि कचेऱ्यांत हिरकणी कक्ष झाले ही चांगलीच गोष्ट, पण त्यांत बाळ आईबरोबर आलेले असावे लागते. हिरकणीचे बाळ घरी होते, सगळी अडचण तीच तर होती.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. शेलारात कांड्या भरणारी, गोदामात माल चढवणारी, वीटभट्टीवर राबणारी बाई आहे. तिच्या पोराला झोळीसुद्धा मिळत नाही, आणि तुम्ही पगारदार शिक्षिकेच्या मुलासाठी पाळणाघर मागता? याचे उत्तर कुठल्या परदेशी अहवालात शोधायला नको, ते जुन्या ठाणे जिल्ह्यातच आहे. ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले, अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या, आणि १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. हा भाग आता पालघर जिल्ह्यात आहे. २०१४ मध्ये जिल्हा तुटला तेव्हा ठाण्याने किनाऱ्याबरोबर ही शहाणीवही देऊन टाकली असे वाटते. मुले बालवाडीत येईनात, तेव्हा या दोघींनी बालवाडीच वस्तीच्या अंगणात नेली. त्या अंगणवाडीचे नाव १९७५ नंतर अख्ख्या देशाने घेतले. गुरे राखणारी मुले शाळेत येईनात तेव्हा शाळा कुरणात नेली. एवढ्यावरही मुली गळतच होत्या. का, हे पाहायला गेल्यावर कळले की त्यांच्या कडेवर धाकटी भावंडे आहेत. आईबाप मजुरीला, भावंड मोठ्या बहिणीकडे, मग शाळेत येणार कोण? त्यावर कोसबाडला काढलेला तोडगा म्हणजे विकासवाडी. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात. ताई भावंडाला घेऊनच यायची, ते पाळणाघरात ठेवायची आणि शेजारच्या वर्गात जाऊन बसायची. मधल्या सुट्टीत डोकावून यायचे. २०१७ च्या कायद्याने आईला दिलेल्या चार फेऱ्या कोसबाडच्या आठ-दहा वर्षांच्या पोरींना साठ वर्षे आधीच मिळाल्या होत्या.

आता शेलारची शाळा पुन्हा पाहा. शाळाबाह्य मुलांचे सर्वेक्षण करायला बाईच घरोघरी आणि वीटभट्ट्यांवर जातात, आणि मुलगी शाळेत का येत नाही याचे कारण लिहितात: लहान भावंडांना सांभाळते. हेच कारण दुसऱ्या दिवशी त्या आपल्या रजेच्या अर्जावर जरा सुधारलेल्या भाषेत लिहितात. वर्गातली मुलगी आणि वर्गावरच्या बाई, दोघी एकाच कारणाने गैरहजर असतात आणि खाते त्यांच्यासाठी दोन वेगळ्या फायली उघडते. एकीवर प्रवेशोत्सव, दुसरीवर नोटीस. खोली मात्र दोघींना एकच लागते. म्हणून पाळणाघर मालकाने काढावे म्हणजे ते फक्त मालकाच्या नोकरांचे असावे असे नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या बाईंना महिना अडीच हजारांचे मानधन आहे. पदर खोचून त्या चुलीजवळ असताना त्यांचे पोर कुठे असते, हाही प्रश्न तोच. बाईंचे बाळ, स्वयंपाकीणबाईंचे बाळ आणि पाचवीतल्या मुलीचे भावंड एकाच सतरंजीवर रांगू लागले, तर आक्षेप घेणाऱ्याला समता पाहायला दिंडीत जावे लागणार नाही. आणखी एक आतली गोष्ट. ज्या पाळणाघरात मास्तरीणबाईंचे मूल असते तिथे दूध पातळ येत नाही आणि पंखा बंद पडत नाही. गरिबांसाठीच म्हणून काढलेल्या सोयीचे काय होते हे आपण पाहतोच. तेव्हा मजुराच्या पोराच्या भल्यासाठीसुद्धा बाईंचे पोर तिथे असावे.

पैसा आणि जागा हे प्रश्न उरतात, आणि ते दिसतात तेवढे अवघड नाहीत. एकेका शाळेला पाळणाघर परवडत नाही हे खरेच आहे. पण जिल्हा परिषदेच्या शाळा एकट्यादुकट्या नसतात. साधारण दहा शाळांमागे एक केंद्र असते आणि त्याला केंद्रप्रमुख असतो, ज्याच्याकडे आजवर मुख्यतः माहिती जमा करण्याचे काम आहे. दहा शाळांचे शिक्षक, स्वयंपाकी आणि अंगणवाडीच्या सेविका-मदतनीस मोजल्या तर पन्नासाव्या बाई हाताच्या अंतरावर येतात. ही हिशेबातली लबाडी नाही. प्रसूती लाभ कायद्याची जागा घेणाऱ्या २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने पन्नासाचाच आकडा ठेवला, पण अनेक आस्थापनांनी मिळून एक पाळणाघर चालवावे किंवा सरकारी, नगरपालिकेचे वापरावे, अशी मोकळीक दिली आहे. केंद्र सरकारच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आहे, तिच्यात अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायचे आहे आणि देशभरासाठी १७ हजारांचे लक्ष्य आहे. अंगणवाडी कित्येक ठिकाणी शाळेच्या आवारातच असते. अडचण अशी, की ती महिला व बालविकास खात्याची आणि शाळा शिक्षण खात्याची. मधली भिंत विटांची असली तरी तिची जाडी मंत्रालयात मोजावी लागते. पाळणाघर कामाच्या ठिकाणापासून पाचशे मीटरच्या आत असावे, असे केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे म्हणतात. दहा शाळांच्या केंद्रात सगळ्यांना हे जमणार नाही. शेलारच्या दाट वस्तीत जमेल, शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर नाही, आणि तिथे बाईंनी मूल वाटेत केंद्रशाळेत सोडून पुढे जाणे यावर समाधान मानावे लागेल. काही झाले तर जबाबदार कोण, ही भीतीही खरी आहे. पण शाळेत काही झाले तर जबाबदार कोण हे ठरवण्याची आपल्याला उत्तम सवय आहे: मुख्याध्यापिका.

अमेरिकेत काही स्कूल डिस्ट्रिक्टांनी, म्हणजे आपल्या भाषेत तिथल्या शिक्षण मंडळांनी, शिक्षकांसाठी स्वतःची पाळणाघरे काढली आहेत. त्यामागे दया नाही, व्यवहार आहे: शिक्षक नोकरी सोडून जातात आणि नवे मिळवणे महाग पडते. आपल्याकडे सरकारी नोकरी कोणी सोडत नाही, त्यामुळे हा व्यवहार आपल्याला दिसत नाही. इथे माणूस राहतो आणि मन जाते, आणि मनाची बायोमेट्रिक हजेरी अजून निघालेली नाही. गुरुजींचाही एक प्रश्न आहे. पन्नासाचा आकडा मोजताना कायदा पुरुषांनाही धरतो, पण चार फेऱ्यांची मुभा देताना फक्त स्त्री म्हणतो. पन्नास गुरुजींमुळे पाळणाघर उभे राहील आणि त्यांतल्या एकालाही आपल्या बाळाला बघायला जाता येणार नाही. बालसंगोपन रजा बापाला मिळते, पण त्यासाठी आधी बायको असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असावी लागते, किंवा हयात नसावी लागते. धडधाकट बायकोच्या नवऱ्याला मूल असते ही गोष्ट नियमांना अजून मान्य नाही.

पाळणाघरे निघालीच, तर त्यांचा परिणाम बदल्यांच्या हंगामात जाणवेल. विनंती अर्जांत आज दोन कारणे सर्वांत जास्त चालतात: लहान मूल आणि सासूबाईंचे आजारपण. दोन्ही कारणे एकाच घरातली असतात आणि एकाच बाईभोवती फिरतात. ज्या सासूबाई एका अर्जात अंथरुणावरून उठू शकत नाहीत, त्याच रोज सकाळी सातला नातवाचे जावळ बांधून, त्याला कडेवर घेऊन, तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून मालमोटारी मोजत उभ्या असतात. पाळणाघर सुरू झाले तर पहिले कारण आपोआप गळेल आणि कचेरीतल्या लोकांना नव्या कारणांची सवय करून घ्यावी लागेल. पण जिल्ह्यातली पहिली विनंती बदली कुणा शिक्षिकेची होणार नाही. ती त्या आजीची होईल, कल्याणहून बीडला, आजोबा आणि दोन म्हशी एकत्रीकरणाखाली.